पाड्यातून आलेल्या डॉक्टरने सिकलसेलचं काम कसं उभं करावं

भिल्ल, कोरकू, गोंड किंवा माडिया समाजातला मुलगा एमबीबीएस होऊन आपल्याच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून येतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ओपीडी दुप्पट होते. लोक भाषेसाठी येतात. पोटात नेमकं कुठं आणि कसं दुखतंय हे दुभाष्याशिवाय सांगता येतं, एवढंच त्यांना पुरेसं असतं. इथंच बहुतेकांचा घात होतो. डॉक्टर दिवसाला दीडशे रुग्ण तपासत बसतो, रजेवर गेला की सगळं ठप्प होतं आणि तीन वर्षांनी बदली झाली की केंद्र होतं तिथंच येतं. आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3,000 मागे एक उपकेंद्र असा निकष आहे. पाडा म्हणा, ढाणा म्हणा, टोला म्हणा, एवढ्या विखुरलेल्या वस्तीला एक माणूस पुरत नाही. आपल्याला येतं ते आशा, परिचारिका आणि इंटर्न यांच्या हाती देणं हे या डॉक्टरचं खरं काम. त्यासाठी सिकलसेल हा विषय निवडावा, म्हणजे आई-बापाकडून येणारा, तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा रक्ताचा आजार. त्यात प्रयोगशाळा आहे, औषध आहे, घरभेट आहे, लग्नाचा प्रश्न आहे आणि विश्वासाचीही कसोटी आहे.

आधी नकाशा, मग शिबिर

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालं. 0 ते 40 वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. उद्दिष्ट वरून आलं की खाली आकड्यांची घाई सुटते, आणि घाईत तीच तीच शाळेतली मुलं दोनदा तपासली जातात. म्हणून शिबिराआधी पंधरा दिवस काढा. प्रत्येक आशाकडून तिच्या वस्तीचा हाताने काढलेला नकाशा घ्या. घराला क्रमांक, घरात 40 वर्षांखालची माणसं किती, गरोदर बाई आहे का, कोण कामासाठी बाहेर गेलंय आणि कधी परत येणार, एवढंच त्यात हवं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मेळघाटातली कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. नंदुरबारच्या सातपुड्यातून ऊसतोडीला गुजरातेत जाणारी बरीच आहेत. जानेवारीत शिबिर घेतलं तर हाताशी म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेतली मुलं एवढेच सापडतात; लग्नाच्या वयाची मंडळी निसटतात. होळीच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचा आठवडा शिबिरासाठी राखून ठेवा. एरवी आठवडी बाजाराचा दिवस चांगला. बाजाराच्या तोंडाशी टेबल लावा, बाजाराच्या मध्यावर नको. तिथं गर्दीत बोट टोचून घ्यायला बाया तयार होत नाहीत.

चाचणी: कुठं चुकते

पहिली चाळणी सोल्युबिलिटी चाचणीची. साधारण 2 मिली द्रावणात 20 मायक्रोलिटर रक्त टाकायचं, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. वाचायला सोपी आहे, म्हणूनच निष्काळजीपणा होतो.

द्रावण फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रोज पहिल्या नळीत माहीत असलेल्या वाहकाचं (दोष अंगात आहे पण आजार नाही अशा माणसाचं) आणि दुसरीत माहीत असलेल्या निरोगी माणसाचं रक्त तपासा. ही दोन उत्तरं बरोबर आली नाहीत तर त्या दिवशीचं द्रावण फेकून द्या, मग शंभर माणसं रांगेत का असेनात. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर 20 मायक्रोलिटरमध्ये पुरेसे सिकल हिमोग्लोबिन येत नाही आणि खोटं निगेटिव्ह मिळतं. अशा वेळी 40 घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळावर ही चाचणी करूच नका. त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. बाळासाठी जागेवरच निकाल देणारं पॉइंट ऑफ केअर किट किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी. आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का, हा प्रश्न सुई टोचायच्या आधी विचारा. चढवलेलं रक्त तपासून काय कळणार?

ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला त्याच क्षणी ‘तुला सिकलसेल आहे’ असं सांगणं हा या कामातला सर्वांत नुकसानकारक शॉर्टकट आहे. वाहक म्हणजे एएस, त्याला औषध लागत नाही, तो शेतात इतरांएवढंच काम करतो. रुग्ण म्हणजे एसएस. निवाडा एचपीएलसी करते. तिचा निकाल यायला आठवडे लागतात आणि तोवर माणूस ऊसतोडीला निघून गेलेला असतो. उपाय एकच: पॉझिटिव्ह आल्याबरोबर तो टेबलावरून उठायच्या आत जांभळ्या टोपणाच्या नळीत 2 मिली रक्त घ्या. नळीवर नाव, वय, गाव, घरक्रमांक रक्त घेण्याआधी लिहा. एका कुटुंबातल्या तीन भावांच्या नळ्या नंतर लिहायला घेतल्या की अदलाबदल होते, आणि ही चूक पुढे कोणाच्याही लक्षात येत नाही. त्याच वेळी निकाल कोणत्या फोनवर कळवायचा आणि परत कधी येणार हे आशाच्या वहीत लिहून घ्या.

चिंचोक्याचे फासे

अनुवंशिकता शिकवताना ‘जीन’, ‘क्रोमोझोम’ हे शब्द बाजूला ठेवा. चिंचोके फोडून अर्धे केले की एक बाजू तपकिरी, एक पांढरी. गावोगावच्या पटाच्या खेळात हे फासे म्हणून चालतातच. तपकिरी म्हणजे सिकल, पांढरी म्हणजे निरोगी. एक अर्धा चिंचोका बापाचा, एक आईचा. दोन्ही वाहक असतील तर दोन्ही अर्धे टाका. दोन्ही पांढरे पडले, बाळ निरोगी. एक तपकिरी, बाळ वाहक. दोन्ही तपकिरी, बाळ रुग्ण. वीसदा टाकलं तर दोन्ही तपकिरी सरासरीने पाचदा पडतात, पण कधी दोनदा पडतील, कधी आठदा. हेच तर शिकवायचंय. ‘चारातलं एक आजारी’ असं सांगितलं की आई समजते, एक आजारी झालं, आता पुढची तीन सुखरूप. दर खेपेला फासा नव्याने पडतो हे हातात चिंचोके दिल्याशिवाय कळत नाही.

एक जोडीदार निरोगी असेल तर त्याच्यासाठी भाजून साल काढलेला चिंचोका घ्या, दोन्ही बाजू पांढऱ्या. कितीही टाका, दोन्ही तपकिरी पडूच शकत नाहीत. मग लोक आपसूक म्हणतात, वाहकाने निरोगीशी लग्न केलं तर बिघडतं कुठं? हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. जोडीदारांपैकी एक रुग्ण आणि दुसरा निरोगी असेल तर सगळी मुलं वाहक होतात. एक रुग्ण, एक वाहक असेल तर निम्मी शक्यता वाहकाची, निम्मी रुग्णाची.

चिंचोक्याची पाठ फुगीर असते, त्यामुळे काही तुकडे एकाच अंगावर पडतात. आधी चाळीसदा टाकून बघा, एक बाजू फार येत असेल तर तो तुकडा बाद करा. नाहीतर पहिल्या कुटुंबासमोर सातदा लागोपाठ तपकिरी पडतील आणि बाई रडत घरी जाईल.

निकाल ग्रामसभेत वाचू नये. निकालाचं कार्ड बंद पाकिटात, घरी, ज्याचं त्याच्या हातात द्यावं. स्थानिक डॉक्टरला इथं जास्तच जपावं लागतं, कारण मामा-काका विचारायला येतातच: त्या घरच्या मुलीचं कार्ड कोणतं? नात्यातला माणूस आहे, सोयरीक जुळतेय, एवढं सांगायला काय जातंय, असा सूर असतो. एकदा सांगितलंत की पुढच्या शिबिराला तरुण मुली येणं थांबतं. उत्तर ठरवून ठेवा: ‘तुमच्या मुलाची आधी तपासू, मग दोघांना सोबत बसवून मीच समजावतो.’ मुलीचीच तपासणी मागणाऱ्याला हे उत्तर बरोबर लागतं.

रुग्णाच्या घरी काय ठेवायचं

फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम रोज एक. लोहाच्या गोळ्या मात्र आपोआप देऊ नका. सिकलसेलचा ॲनिमिया पेशी फुटल्याने होतो, लोह कमी म्हणून नव्हे. लोह खरंच कमी आहे असं तपासणीत दिसलं तरच द्या. हिमोग्लोबिन 7 ते 9 हे अनेक एसएस रुग्णांचं नेहमीचं असतं. केवळ आकडा बघून रक्त चढवायला पाठवणं बंद करा. त्या माणसाचा नेहमीचा आकडा कार्डावर लिहून ठेवा, म्हणजे तो अचानक दोनाने उतरला तर कोणालाही कळेल.

पाच वर्षांखालच्या मुलाला तोंडावाटे पेनिसिलिन व्ही: तीन वर्षांपर्यंत 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन ते पाच 250 मिलिग्रॅम दोनदा. प्लीहा (पानथरी) काम करेनाशी झाल्याने या मुलांना जंतुसंसर्ग झटपट चढतो. न्युमोकोकल लस चुकलेली नाही ना, हे लसीकरण कार्डावर बघा.

वेदनेचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया सुरू करायचा निर्णय तज्ज्ञाबरोबर घ्या. साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम प्रति किलोने सुरुवात होते, आणि रक्तपेशींची तपासणी सुरुवातीला वारंवार, नंतर दोन-तीन महिन्यांनी. कोणत्या आकड्याखाली औषध थांबवायचं ते जिल्हा रुग्णालयाकडून लेखी घेऊन औषधाच्या कपाटावर चिकटवा. प्रत्यक्षात अडतं ते कॅप्सूलवर. 15 किलोच्या मुलाला 150 ते 225 मिलिग्रॅम हवं आणि कपाटात 500 ची कॅप्सूल. ती उघडून अंदाजाने भाग करणं धोक्याचं आहे. लहान मात्रेची मागणी वार्षिक मागणीपत्रकातच घाला, ऐनवेळी मिळत नाही. गरोदरपणात हे औषध देत नाहीत, त्यामुळे तरुण बाईला सुरू करताना मूल कधी हवंय हे आधी विचारायलाच हवं.

वेदनेचा झटका येतो तो बहुधा ओळखीच्या वेळी. भाताच्या रोवणीत दिवसभर चिखलात भिजल्यावर, तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हात पाणी कमी पडल्यावर, डिसेंबरच्या थंडीत, तापात. म्हणून जूनच्या आधी आणि एप्रिलच्या आधी अशा दोन घरभेटी पक्क्या ठेवा. 10 किलोच्या मुलाला दिवसाला साधारण 1 लिटर, 20 किलोच्याला दीड लिटर, मोठ्या माणसाला तीन लिटर पाणी. लिटर सांगून उपयोग नाही; आशाने त्या घरचा तांब्या किंवा गडवा मापून ‘एवढे किती’ ते सांगावं. दुखू लागलं की पॅरासिटामॉल 15 मिलिग्रॅम प्रति किलो दर सहा तासांनी, उबदार कपडा, भरपूर पाणी. बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी दुखऱ्या जागी नको.

थांबायचं नाही अशी लक्षणं आशाला पाठ हवीत: 101 फॅरनहाइटच्या वर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, एकाएकी पांढराफटक पडून डाव्या बरगडीखाली पोट फुगणं, पुरुषाच्या लिंगाचा ताठरपणा चार तासांहून जास्त राहणं. शेवटचं लाजेने कोणी सांगत नाही, म्हणून ते पुरुष आरोग्य सेवकाने तरुण मुलांना वेगळं बसवून सांगायचं. ताप असलेल्या मुलाला 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत औषधाविना थांबवू नका. सेफ्ट्रायॲक्झोन या प्रतिजैविकाचा 50 ते 75 मिलिग्रॅम प्रति किलोचा पहिला डोस केंद्रातच द्या आणि वेळ चिठ्ठीवर लिहा.

प्लीहा कशी चाचपायची ते आईला शिकवता येतं. मूल शांत झोपलेलं असताना डाव्या बरगडीखाली हलक्या हाताने खालून वर यायचं, कड लागली तिथपर्यंत एका काडीवर खूण करायची. खूण पुढे सरकली आणि मूल फिकट दिसलं की निघायचं. मेळघाटात पोट फुगलेल्या मुलाला डंबा देतात, म्हणजे तापवलेल्या लोखंडाने पोटावर चटके. भुमकाला, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूला, शत्रू करून हे थांबत नाही. त्याला बोलवा, काडीची खूण दाखवा, आणि ‘अशी खूण पुढे गेली तर तुम्हीच आधी गाडीला फोन करायला सांगा’ एवढी एकच गोष्ट मागा. गडचिरोलीत पुजारी, वारली भागात भगत. नाव बदलतं, बोलणं तेच.

बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबाला तीन महिन्यांची औषधं आणि एक चिठ्ठी द्या: निदान, रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन, चालू औषधं, केंद्राचा फोन. गुजरातेत जाणाऱ्याला ती गुजरातीत, बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्याला हिंदीत. मराठी चिठ्ठी तिथल्या दवाखान्यात घडी करून परत मिळते.

आशाला शिकवायची पद्धत

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. शिक्षण कमी असलेली बाई नेमकं कौशल्य शिकू शकते याचा यापेक्षा चांगला पुरावा नको. आज आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरभेट देते, घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही, ती त्याच वाटेने आलेली गोष्ट.

मासिक बैठकीत अहवाल गोळा करणं आणि शिकवणं एकत्र करू नका; अहवाल नेहमी जिंकतो. दोन तास, एकच कौशल्य, त्यांच्याच भाषेत. आधी तुम्ही करून दाखवा, मग तिने तुमच्यावर करावं, मग तिने दुसरीला शिकवावं. तिसरी पायरी वगळली की महिन्याभरात विसर पडतो. श्वास मोजणं हे उदाहरण घ्या: पूर्ण एक मिनिट, अर्धा मिनिट मोजून दुप्पट नाही, कारण लहान बाळाचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिने 50, एक ते पाच वर्षे 40. दोन महिन्यांखालच्या बाळात 60 आले तर पुन्हा एकदा मोजायचं. कोरकू किंवा माडियात साठपर्यंत मोजणं अनेकींना अवघड जातं; दर दहाला एक मणी सरकवायला द्या.

इंटर्न आला की

इंटर्नशिप बारा महिन्यांची, त्यातले 12 आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्राचे. गोंदियाला 2016 पासून आणि नंदुरबारला 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तेव्हा आदिवासी भागातच शिकणारे विद्यार्थी आता बरेच. तरीही तुमच्याकडे येणारा इंटर्न बहुधा पीजीच्या पुस्तकात डोकं घालून असतो आणि त्याला लॉगबुकवर सही हवी असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण सही कशावर करायची ते तुमच्या हातात आहे.

पहिले दोन दिवस ओपीडी नाही. आशाबरोबर पायी तिची वस्ती, वही न उघडता. तिसऱ्या दिवशी स्थानिक भाषेतली वीस वाक्यं: कुठं दुखतं, कधीपासून, झोपता येतं का, पाणी किती प्यायलं, बाळ दूध ओढतं का. पहिला आठवडा संपताना एक एसएस रुग्ण त्याच्या नावे करा. त्याने त्या घरून जिल्हा रुग्णालयापर्यंतचा प्रवास कागदावर मांडायचा: पायवाट किती मिनिटं, गाडी कुठून, पुलावर पाणी आलं तर काय, रक्तपेढीत कार्ड दाखवल्यावर काय विचारतात. हा तक्ता केंद्राच्या भिंतीवर लावा, पुढच्या इंटर्नने दुरुस्त करावा.

दुसऱ्या आठवड्यात चिंचोक्याचा खेळ त्याने एका कुटुंबाला शिकवायचा. परीक्षक आशा. ती नापास म्हणाली तर सही पुढच्या आठवड्यात. सुरुवातीला मुलं हसतात. आशासमोर दोनदा अडखळल्यावर नीट तयारी करून येतात.

नेतृत्व म्हणजे नेमकं काय, याचं जवळचं उदाहरण डॉ. राजेंद्र भारूड यांचं. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे, भिल्ल समाजातले, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे एमबीबीएस, पुढे प्रशासकीय सेवेत. नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना कोरोनाच्या पहिल्या लाटेतच, 2020 मध्ये, त्यांनी ऑक्सिजननिर्मितीची सोय उभी करायला घेतली. दुसऱ्या लाटेत ती कामी आली. गरज पडायच्या आधी लिटरचं गणित मांडलेलं होतं. तुमच्या केंद्रात तसंच गणित मे महिन्यात मांडा: एसएस रुग्ण किती, त्यांच्यापैकी गेल्या पावसाळ्यात झटका आलेले किती, सलाइन, पॅरासिटामॉल, सेफ्ट्रायॲक्झोन किती लागलं, कोणत्या पाड्यांचा रस्ता जुलैत तुटतो. त्या पाड्यांच्या आशांकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात गोळ्या पोचलेल्या असाव्यात.

मग ऑगस्टमध्ये दहा दिवसांची रजा घ्या, फोन परिचारिकेकडे द्या. परत आल्यावर ओपीडीचा आकडा बघू नका. रजिस्टरात तीन गोष्टी शोधा: झटक्याच्या रुग्णाला पहिला डोस कोणी दिला, ताप मोजल्यापासून गाडी निघेपर्यंत किती वेळ गेला आणि 42 व्या दिवसाची घरभेट कोणत्या पाड्यात चुकली. जिथं चुकली तिथली आशा पुढच्या बैठकीत तुमच्या शेजारी बसवा.